पायलट घडतील, पण तडा शोधणारा माणूस कुठे घडणार?

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याच्या धावपट्टीवरून मुंबईचं विमान सुटलं आणि अमरावतीकरांची कित्येक वर्षांची मागणी पुरी झाली. त्याच विमानतळावर एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण अकादमी आकाराला येते आहे. तिच्यासाठी ३४ शिकाऊ विमानांची मागणी नोंदवली गेली असून वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याचा बेत जाहीर झाला आहे. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिकांचं प्रशिक्षण बऱ्याच वर्षांपासून चालतं. नागपूरला मिहानमध्ये बोइंगने बांधून दिलेला देखभाल-दुरुस्तीचा तळ आहे, आणि हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालयही नागपुरातच. विमान उडवणं आणि विमान सांभाळणं ही दोन्ही कामं विदर्भात येऊन ठेपली आहेत. पण चावडीवर, वर्तमानपत्रात आणि पुढाऱ्यांच्या भाषणात चर्चा होते ती तिकिटाच्या दराची, धावपट्टीच्या लांबीची आणि वैमानिक व्हायला किती लाख लागतात याची. सांभाळण्याच्या कामाबद्दल कोणी ब्र काढत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. बेलोरा, बिरसी आणि त्यांच्या आसपासच्या तालुक्यांनी सरकारकडे आणि अकादम्यांकडे आग्रहाने काही मागायचं असेल, तर धातूतला तडा शोधणारी माणसं इथेच घडवण्याची सोय मागावी. या विद्येला एनडीटी म्हणतात: वस्तू न फोडता, न कापता तिच्या पोटातला दोष हुडकून काढायचा. दहावी-बारावी झालेल्या, हात स्थिर आणि डोळा चोख असलेल्या मुलामुलींना ती शिकता येते. मागणी रोजगाराची आहेच. पण त्याआधी ती सुरक्षिततेची आहे, आणि ती का आहे हे कळायला धातू कसा तुटतो ते नीट पाहावं लागतं.

एका झटक्यात धातू ज्या ताणाने तुटणार नाही, त्याच्या निम्म्या किंवा त्याहून कमी ताणानेही तो तुटतो. अट एवढीच की तो ताण पुन्हा पुन्हा यावा. यालाच धातूचा थकवा म्हणतात. विमान उडालं की पंख वर वाकतो आणि पंखाचा मुख्य कणा, म्हणजे स्पार, त्याची खालची पट्टी ताणली जाते. विमान उतरलं की तो ताण सुटतो, उलटतोही. हवेतला प्रत्येक धक्का, प्रत्येक वळण ही त्यात भर. ताण सगळीकडे सारखा पसरत नाही. गोल भोकाच्या काठावर तो आजूबाजूच्या तिप्पट होतो. म्हणून तडे जन्मतात ते बोल्टच्या आणि रिव्हेटच्या भोकांत, गंजाच्या खड्ड्यात, ड्रिलने ओढलेल्या एखाद्या ओरखड्यात. सुरुवातीला तो केसाहून बारीक असतो आणि बहुधा बोल्टच्या डोक्याखाली किंवा दोन पत्र्यांच्या मध्ये दडलेला असतो.

आजच्या विमानबांधणीत याला जे उत्तर आहे ते डॅमेज टॉलरन्स या नावाने ओळखलं जातं. त्याचं गृहीतक पहिल्यांदा ऐकताना अंगावर येतं: कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या विमानातही, सर्वांत नाजूक जागी, सर्वांत वाईट दिशेने एक तडा आधीपासूनच आहे असं धरून चाला. अमेरिकी हवाई दलाने १९७४ साली त्याचं मापही ठरवून टाकलं. ज्या भागाला एकट्याने भार वाहायचा आहे त्याच्या भोकाच्या काठावर १.२७ मिलिमीटरचा तडा समजायचा, आणि तो किती उड्डाणांत जीवघेणा होईल ते मोजायचं. यामागे एक दुर्घटना होती. २२ डिसेंबर १९६९ रोजी नेवाडात एफ-१११ या लढाऊ विमानाचा पंख जेमतेम शंभरेक तासांच्या उड्डाणानंतर तुटला. मागेपुढे वळणाऱ्या त्या पंखाच्या बिजागरीच्या पोलादी फोर्जिंगमध्ये, म्हणजे ठोकून घडवलेल्या भागात, चीर कारखान्यातूनच आलेली होती आणि ती सगळ्या तपासण्यांतून निसटली होती. विमान नवं होतं, पोलाद भारी प्रतीचं होतं. दोन्हींचा उपयोग झाला नाही.

नागरी विमानांना हाच धडा आठ वर्षांनी मिळाला. त्याआधी ‘फेल-सेफ’ बांधणीवर भिस्त होती: एक भाग तुटला तरी शेजारचा भाग भार उचलेल, विमान सुखरूप उतरेल, मग दुरुस्ती करता येईल. १४ मे १९७७ रोजी लुसाकाला उतरायला आलेल्या बोइंग ७०७ मालवाहू विमानाचं उजवं आडवं शेपूट हवेतच निखळलं आणि विमानातले सहाही जण गेले. विमानाची १६,७२३ उड्डाणं झाली होती. शेपटाच्या मागच्या स्पारची वरची पट्टी थकव्याने तडकली होती आणि बांधणी फेल-सेफच होती. मात्र पहिला भाग तडकला आहे हे कोणाच्या तरी नजरेला वेळेत पडेल अशी तपासणी वेळापत्रकात नव्हती. मग राखीव भागावरही तोच भार येत राहिला आणि तोही गेला. १९७८ साली अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांचा नियम बदलला: बांधणी कितीही मजबूत असो, तडा किती वेगाने वाढतो याचा हिशेब करून तपासणीचं वेळापत्रक त्यावरून काढलंच पाहिजे. त्या दिवसापासून विमान सुरक्षित ठेवण्याच्या कामात तपासणी करणाऱ्या माणसाचा वाटा अभियंत्याइतकाच झाला. अभियंत्याचा सगळा हिशेब या एका भरवशावर उभा असतो की ठरल्या वेळी कोणीतरी तिथे खरोखर बघणार आहे.

तो हिशेब सामान्य वाचकालाही कळण्यासारखा आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल पॅरिस या अमेरिकी अभियंत्याने दाखवून दिलं की तड्याच्या वाढीचा वेग त्याच्या टोकावरच्या ताणाच्या चढउताराच्या एका घातावर ठरतो. विमानाच्या ॲल्युमिनियमसाठी हा घात ३ च्या आसपास येतो. तडा जेवढा लांब तेवढा टोकावरचा ताण जास्त, म्हणून तडा वाढेल तशी वाढीची गतीही वाढते. समजा १.२५ मिलिमीटरचा तडा २.५ व्हायला १०,००० उड्डाणं लागली. मग २.५ चा ५ व्हायला सुमारे ७,००० पुरतात. ५ चा १० व्हायला ५,०००, १० चा २० व्हायला ३,५००, आणि २० चा ४० व्हायला २,५००. समजा ४० मिलिमीटरला तो भाग तुटतो. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, खऱ्या भागाचे प्रत्येकी वेगळे असतात. पण त्यांची चाल अशीच असते.

आता तपासणीची साधनं या आकड्यांवर बसवा. एडी करंट यंत्राने, म्हणजे धातूत विद्युतप्रवाह फिरवून दोष ओळखणाऱ्या यंत्राने, २.५ मिलिमीटरचा तडा भरवशाने सापडतो असं धरलं, तर तिथून तुटेपर्यंत १८,००० उड्डाणं हातात राहतात. प्रथा अशी की या काळात निदान दोन तपासण्या व्हाव्यात, म्हणजे एकीतून सुटला तर दुसरीत सापडेल. तर दर ९,००० उड्डाणांना बघायचं. त्याच जागी नुसत्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं आणि डोळ्याला २० मिलिमीटरचा तडा दिसतो असं धरलं, तर हातात २,५०० उड्डाणं उरतात आणि दर १,२५० ला बघावं लागतं. साधन बदललं की वेळापत्रक सात पटीने बदलतं. तडा भोकाच्या आत, बोल्टच्या आड असेल तर मात्र डोळ्याला तो कधीच दिसत नाही, आणि तिथे १,२५० काय किंवा १०० काय, सारखंच.

नेमकी हीच गोष्ट शिकाऊ विमानाच्या बाबतीत घडलेली आहे. ४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडातल्या डेटोना बीचवर एका वैमानिक विद्यापीठाच्या पाइपर पीए-२८ आर-२०१ विमानाचा डावा पंख उड्डाणानंतर काही क्षणांत निखळला. एक विद्यार्थी आणि एक परीक्षक, दोघेही गेले. विमानाचे ७,६९० तास भरले होते आणि सुमारे ३३,००० लँडिंग झाली होती, म्हणजे तासाला चारहून जास्त. पंखाच्या मुळाशी मुख्य स्पारच्या खालच्या पट्टीत, एका बोल्टच्या भोकातून थकव्याचा तडा निघून बहुतेक पट्टी आधीच कापली गेली होती. दुसऱ्या पंखातही त्याच जागी तडा सापडला. ठरलेल्या तपासण्या वेळेवर झालेल्या होत्या. पण त्या तपासण्यांत तो बोल्ट काढून भोकात बघायचं असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. याच घराण्यातल्या एका विमानाचा पंख १९८७ साली टेक्सासात तुटला होता. ते जमिनीलगत उडत पाइपलाइनची टेहळणी करायचं.

बेलोऱ्यासाठी घेतली जाणारी बहुतेक विमानं पाइपर आर्चर आहेत, म्हणजे पीए-२८ च्याच घराण्यातली. हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. ही विमानं नवी आहेत, जगभर हजारोंनी उडतात आणि शिकायला उत्तम मानली जातात. मुद्दा वेगळा आहे. या घराण्याला पहिलं प्रमाणपत्र १९६० साली मिळालं, आणि लहान विमानाच्या पंखाला थकव्याचा हिशेब तेव्हाच्या नियमात सक्तीचा नव्हता. मोठ्या जेट विमानाला १९७८ च्या नियमाने जी शिस्त जन्मापासून लागलेली असते, ती अशा लहान विमानांना नंतरच्या सूचनांमधून, तुकड्यातुकड्याने लावावी लागते. ती लावायला जागेवर जाणकार माणूस लागतो.

फ्लोरिडाच्या अपघातानंतर अमेरिकेच्या विमान प्रशासनाने जो आदेश काढला तो आपल्याकडच्या प्रत्येक अकादमीने भिंतीवर लावावा असा आहे. त्यात विमानाचं वय वर्षांत मोजलेलंच नाही, आणि नुसत्या तासांतही नाही. ज्या तासांत विमान भाड्याने किंवा शिकवणीला वापरलं गेलं ते पूर्ण मोजायचे. खाजगी, हळुवार वापराचे १७ तास मिळून फक्त एक तास धरायचा. अशा रीतीने ५,००० तास भरले की पंखाच्या मुळाशी खालच्या बाजूचे ठरावीक बोल्ट काढून भोकं एडी करंटने तपासायची. शिकाऊ विमानाचा एक तास दुसऱ्याच्या सतरा तासांइतका धरला गेला, कारण शिकाऊ विमान जमिनीलगत उडतं, धक्क्याच्या हवेत उडतं आणि टेकून-पुन्हा-उडण्याचे फेरे मारतं. एका तासात आठ-दहा फेरे सहज होतात. शिकणाऱ्याच्या हातून विमान आपटतंही. त्याशिवाय तो शिकणार कसा?

आता आपल्याकडचा उन्हाळा यात मिसळा. एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडात सकाळी दहानंतर तापलेल्या काळ्या मातीवरून हवेचे लोट उठायला लागतात आणि दोन-तीन हजार फुटांवर लहान विमान सारखं उचललं-आपटलं जातं. ताण २० टक्क्यांनी वाढला तर तड्याची गती २० टक्क्यांनी वाढत नाही, १.२ चा घन १.७३, म्हणजे गती पाऊणपट वाढते. ज्या देशात उन्हाळाही सौम्य, तिथल्या सरासरीवर बांधलेलं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालेल असं गृहीत धरू नये. प्रत्येक विमानावर गुरुत्वबलाचे धक्के मोजणारं छोटं यंत्र बसवावं. ते नसेल तर निदान प्रत्येक लँडिंग, प्रत्येक टेकून-उडणं, प्रत्येक जोराचं आपटणं लॉगबुकात उतरवलं जावं. नुसते तास लिहिले आणि फेरे गाळले, तर पुढचा सगळा हिशेब खोट्या पायावर उभा राहतो, आणि हा खोटेपणा तडा बाहेर येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

ऊन तपासणीच्या कामातही आडवं येतं. तडा शोधण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे डाय पेनेट्रंट. भाग रंग काढून, ग्रीस धुऊन, पूर्ण कोरडा करायचा. त्यावर लाल किंवा चमकणारं पातळ द्रव्य लावायचं आणि दहा ते तीस मिनिटं थांबायचं, म्हणजे ते चिरेत शिरतं. मग वरचं पुसायचं, पण चिरेतलं निघणार नाही इतक्या हलक्या हाताने. पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर मारायचा आणि निदान दहा मिनिटं वाट पाहायची. चिरेतलं द्रव्य वर शोषलं जाऊन रेघ उमटते. चमकणारं द्रव्य असेल तर अंधारात अतिनील दिव्याखाली बघायचं. आता हे काम साधारण ५० अंशांच्या आतल्या धातूवर करायचं असतं. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याच्या उन्हात उभ्या विमानाचा पत्रा त्यापुढे सहज जातो. द्रव्य चिरेत शिरण्याआधीच पृष्ठभागावर सुकतं, रेघ उमटत नाही, आणि कागदावर ‘दोष नाही’ अशी नोंद होते. रंग खरवडताना तार-ब्रश किंवा वाळूचा मारा वापरला तर मऊ ॲल्युमिनियम चिरेच्या तोंडावर पसरून तोंडच बुजतं. तरीही निकाल तोच, ‘दोष नाही’. म्हणून सावलीचा, हवा खेळती असलेला आणि एक कोपरा अंधारा करता येईल असा हँगर ही चैन नाही. बेलोऱ्यासारख्या ठिकाणी तपासणीसाठी पहिली गरज तीच.

भोकातल्या तड्याला पेनेट्रंट पुरत नाही. तिथे एडी करंट लागतं. सळईसारख्या प्रोबच्या टोकाशी बारीक वेटोळं असतं, त्यातून उलटसुलट प्रवाह सोडला की धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात, आणि तडा आडवा आला की ते अडतात व पडद्यावरचा ठिपका उडी मारतो. ऐकायला सोपं आहे. करताना आधी त्याच मिश्रधातूच्या नमुन्यावर, मुद्दाम पाडलेल्या ठरावीक मापाच्या खाचेवर यंत्र जुळवावं लागतं; दुसऱ्या धातूच्या नमुन्यावर जुळवलं तर सगळे आकडे भलते येतात. प्रोब भोकात घट्ट बसायला हवा. तो जरा हलला तरी ठिपका हलतो, आणि नवशिक्याला तो तडा वाटतो. भोक लंबवर्तुळाकार झालं असेल, काठावर ड्रिलने उचललेली धातूची धारदार कोर राहिली असेल, आत गंज असेल, तर प्रत्येकाचा इशारा निराळा येतो. प्रोब मिलिमीटर-मिलिमीटर आत सरकवत, प्रत्येक पातळीवर पूर्ण फेरा मारत, संशयाची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे ‘चारच्या दिशेला, काठापासून तीन मिलिमीटर’ अशी लिहावी लागते. बोल्ट काढताना वाकडा ठोकला तर तपासणीनेच भोकात ओरखडा पडतो आणि पुढच्या तड्याला जन्म मिळतो. म्हणून हे काम ज्याच्या हाती पाना आला त्याने करायचं नाही. यात प्रमाणपत्राची पहिली आणि दुसरी पातळी मिळून वर्गातलं शिक्षण साधारण ८० तासांचं असतं, पण त्याच्या पुढे जाणकाराच्या हाताखाली काम करण्याचे शेकडो तास लागतात आणि डोळ्यांची परीक्षा दर वर्षी द्यावी लागते.

बिरसीला शिकवणीत दिसणाऱ्या डायमंड जातीच्या विमानांचा सांगाडा धातूचा नसून काचतंतू-कार्बनतंतूंच्या थरांचा असतो. तिथे तडा असा वाढत नाही. पण पंखावर पाना पडला तर वरून काही न दिसता आतले थर सुटतात. तिथे ठोकून आवाज ऐकायचा, अल्ट्रासोनिक, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींचं यंत्र, लावायचं. माणूस तोच, साधन वेगळं.

यावर आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की विमानं नवी आहेत, पहिली पाच-सहा वर्षं काही होणार नाही. थकव्यापुरतं हे बरंचसं खरं आहे. पण कारखान्यातून आलेला ओरखडा आणि पहिल्या पावसाळ्यातला गंज वर्षांची वाट बघत नाहीत. दुसरा आक्षेप असा की तपासणीसाठी माणूस नागपूर, हैदराबाद किंवा बंगळुरूहून येईल. लहान ठिकाणी प्रयोगशाळा परवडत नाही. बाहेरून येणारा माणूस तज्ज्ञ असतो यात वाद नाही. पण तो ठरलेल्या तारखेला येतो. मधल्या काळात एखादं लँडिंग जोरात आपटलं, एखाद्या बोल्टभोवती काळपट धूळ दिसली, तर विमान चार दिवस उभं ठेवायचं की ‘पुढच्या तपासणीत बघू’ म्हणायचं, हा प्रश्न रोज उभा राहतो. ३० विद्यार्थी तासांची वाट बघत असताना विमान उभं ठेवणं कठीण जातं. हँगरमध्येच प्रमाणित माणूस आणि यंत्र असेल तर तोच प्रश्न दोन तासांत सुटतो. पोर्टेबल एडी करंट यंत्र काही लाखांत येतं, तेव्हा एका शिकाऊ विमानाच्या किमतीपुढे खर्चाचा मुद्दा टिकत नाही.

तिसरा आक्षेप नियामकाचा: डीजीसीए बघून घेईल. डीजीसीए देखभाल संस्थेला मान्यता देते, एनडीटीसाठी तिचं वेगळं रेटिंग असतं, आणि हे सगळं आवश्यकच आहे. पण नियामक कागद तपासतो. भोकात प्रोब घालणारा हात तो पुरवत नाही. आणि तपासणी करणाऱ्या माणसाचा थकवाही असतो. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत हवेत सुमारे साडेपाच मीटर उघडं पडलं आणि एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. ८९,६८० उड्डाणं झालेल्या, खाऱ्या वाऱ्यात वाढलेल्या त्या विमानात रिव्हेटच्या रांगेत शेजारशेजारच्या भोकांतून बारीक तडे निघून एकमेकांना मिळाले होते. तपासण्या झाल्या होत्या, पण रात्रीच्या पाळीत, एकामागून एक शेकडो रिव्हेट बघत. एका प्रवाशाला विमानात चढताना पत्र्यावरची चीर दिसलीही होती. तिने कोणाला सांगितलं नाही. यातून आपल्या अकादम्यांनी एवढं घ्यावं की तपासणीचं काम दिवसा, उजेडात, पुरेशा विश्रांतीने आणि दोन माणसांनी व्हावं. आणि झाडणाऱ्या मावशींपासून विद्यार्थ्यापर्यंत कोणीही ‘इथे काहीतरी वेगळं दिसतंय’ म्हटलं, तर विमान थांबावं. थांबवणाऱ्याला बोल लागता कामा नये. आपल्याकडे विमानात तडा सापडला अशी बातमी आली की कोणावर कारवाई होणार असा प्रश्न आधी विचारला जातो. ठरल्या तपासणीत सापडलेला तडा म्हणजे व्यवस्था काम करते आहे याचा पुरावा. तो शोधणाऱ्याचं नाव सत्कारात यावं.

प्रशिक्षणाची सोय विमानतळापुरती राहणार नाही, हा या मागणीचा दुसरा आधार. बडनेऱ्याला रेल्वेचा वॅगन दुरुस्ती कारखाना आहे. रेल्वेत आस आणि रूळ अल्ट्रासोनिकने तपासले जातात. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत बॉयलरच्या नळ्या आणि टर्बाइन ओव्हरहॉलच्या वेळी तपासाव्या लागतात. वणी, उमरेड, बल्लारपूरच्या कोळसा खाणींत डंपरच्या चेसिसला आणि फावड्यांच्या बूमला तडे जातात. यांपैकी बरंचसं काम बाहेरून आलेली पथकं करून जातात आणि आमची आयटीआय झालेली पोरं त्याच वेळी चाकणला कंत्राटी हेल्परची नोकरी धरतात.

गावातही याचं काम आहे. कापूस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या हुकाजवळ, चॅनेलवर वेल्डच्या कडेला चीर पडते. वेल्डर तिच्यावरून दुसरा थर ओढतो. चीर तळाशी तशीच असते, वरचा थर तिला फक्त झाकतो, आणि वेल्डच्या उष्णतेने बाजूचं लोखंड आणखी ठिसूळ होतं. मग हंगामाच्या भरात हूक निसटतो आणि भरलेली ट्रॉली मागे लोटते. चीर ग्राइंडरने मुळापर्यंत काढायची, तीन डब्यांचा पेनेट्रंटचा संच वापरून ती खरोखर संपली का ते बघायचं आणि मगच वेल्ड मारायचा, एवढं ज्याला शिकवलं तो त्या गावातल्या कित्येक ट्रॉल्यांवर बसणाऱ्या माणसांचा जीव वाचवील.

तर काय करायचं? बेलोरा विमानतळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचा, म्हणजे राज्य सरकारच्या कंपनीचा आहे. त्यामुळे जागा वापरणाऱ्याशी होणाऱ्या करारात अट घालणं सरकारच्या हातात आहे. अट अशी असावी की ठरावीक संख्येने स्थानिक उमेदवारांना एनडीटीची उमेदवारी मिळेल, आणि त्यांचे कामाचे तास प्रमाणपत्रासाठी मोजले जातील. हे तास मिळणं हाच आजचा खरा अडसर आहे. ८० तासांचा वर्ग शहरात पैसे भरून करता येतो, पण पुढचे शेकडो तास कोणी देत नाही आणि प्रमाणपत्र कागदावरच राहतं. अमरावती आणि गोंदियाच्या आयटीआयमध्ये या विषयाची एक एक तुकडी सुरू करावी. तिथे चकचकीत नमुने ठेवून भागणार नाही. भंगारात निघालेले पंखाचे तुकडे, डंपरचे तुटलेले कंस, रेल्वेचे बाद झालेले आस हवेत, ज्यांत खरा तडा आहे आणि तो कुठे आहे हे फक्त शिक्षकाला माहीत आहे. परीक्षा घेताना अर्ध्या नमुन्यांत तडा नसावा. नसलेला तडा ‘सापडवणारा’ तपासनीस विमानं विनाकारण उभी ठेवतो आणि मग त्याचं कोणी ऐकत नाही, तेव्हा त्याचेही गुण तेवढेच कापले जावेत. प्रमाणपत्रावर ‘उत्तीर्ण’ एवढंच न लिहिता त्या उमेदवाराला किती मिलिमीटरचा तडा भरवशाने सापडतो ते लिहावं. अभियंत्याला वेळापत्रकासाठी तोच आकडा लागतो.

वेळेचा हिशेबही मांडून ठेवू. नव्या शिकाऊ विमानाने वर्षाला ८०० तास भरले तर, अमेरिकी आदेशातला ५,००० चा टप्पा नुसता अंदाजासाठी घेतला तरी, तो साधारण सहा वर्षांत येतो. एडी करंटची दुसरी पातळी गाठून स्वतंत्रपणे सही करणारा माणूस तयार व्हायला शिक्षण, उमेदवारी आणि परीक्षा धरून तीन वर्षं जातात. त्याच्या हाताखाली पुढची तुकडी घडायला आणखी तीन. म्हणून आयटीआयच्या येत्या प्रवेशाच्या यादीत हा विषय यायला हवा, आणि त्यासाठी अमरावती-गोंदियाच्या आमदारांकडे, जिल्हा नियोजन समितीकडे अर्ज आताच जायला हवेत.